वाचकांचे प्रश्न : वडिलांच्या इंजिनाचा रंग कोणता होता?

गेल्या अंकात मी डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाच्या छोट्या मॉडेलवर लिहिलं आणि त्यानंतर बरीच पत्रं आली. ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी ३१ वर्षं एका डिझेल शेडच्या पेंट सेक्शनमध्ये होतो. इंजिनं घासली, अस्तर मारलं, पट्टे ओढले, नंबर टाकले. निवृत्त झाल्यापासून तेच काम ८७ पट लहान करून घरी टेबलावर करतो. मिरजेच्या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. ते पत्र मी चार वेळा वाचलं.

प्रश्न : माझे वडील ड्रायव्हर होते. १९८४ सालचा त्यांचा एक कृष्णधवल फोटो घरात आहे. ते इंजिनाच्या कडेला उभे आहेत, मागे डब्ल्यूडीएम-२. नंबराचे पहिले तीन आकडे दिसतात, पुढचे दोन त्यांच्या खांद्याआड गेलेत. मी एचओ स्केलचं, म्हणजे ८७ पट लहान, तयार मॉडेल आणलंय, पण त्याचा रंग आणि पट्टा फोटोशी जुळत नाही. त्यांच्या पंचाहत्तरीला ते इंजिन हुबेहूब करून द्यायचं आहे. रंग कसा ठरवू? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुम्ही विकत आणलेलं मॉडेल चुकीचं नाही, ते फक्त दुसऱ्या इंजिनाचं आहे. 'डब्ल्यूडीएम-२चा रंग कोणता' या प्रश्नाला उत्तरच नाही. प्रत्येक शेडची आपापली रंगसंगती असायची. शिवाय इंजिन मोठ्या दुरुस्तीला, म्हणजे पीओएचला, जाऊन आलं की कधी पट्ट्याची रुंदी बदलायची, कधी सगळा रंगच. म्हणून आधी वहीत लिहून ठेवा : अमुक नंबर, अमुक साल, अमुक बाजू. तुमच्याकडे साल आहे, बाजू आहे आणि तीन आकडे आहेत. एवढ्यावर काम सुरू होतं.

कृष्णधवल फोटोतून रंग काढता येत नाही. सारख्याच गडदपणाचा तांबडा आणि हिरवा फोटोत एकसारखे करडे दिसतात. त्यातून फक्त क्रम कळतो, की सगळ्यात उजळ काय आणि सगळ्यात गडद काय. नंबर पांढऱ्या रंगात असेल तर तो तुमचा मापदंड. पट्टा त्याच्या किती जवळ जातो ते बघा. पांढऱ्याच्या जवळ असेल तर क्रीम किंवा फिकट पिवळा धरा, बराच खाली असेल तर गडद पिवळा किंवा नारिंगी. तेवढ्यावर ब्रश उचलू नका.

कारण तुमच्याकडे जो पुरावा आहे तो माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांकडे नसतो. तुमचे वडील आहेत. त्यांना विचारा. भेट गुपित ठेवायची इच्छा मला कळते, पण ती सोडून द्या. आणि विचारताना 'रंग लाल होता का?' असं विचारू नका, नाहीतर ते हो म्हणतील. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर सहा-सात रंगांचे दोन-दोन हात देऊन ठेवा. दुपारी अंगणात, उन्हात त्यांच्यासमोर मांडा आणि गप्प बसा. ट्यूबलाइटखाली हे करू नका. ड्रायव्हरला अंगाचा रंग एक वेळ आठवणार नाही, पण हाताला लागलेल्या गोष्टी आठवतात. चढताना कठडा कुठून सुरू व्हायचा? पट्टा खिडकीखाली थांबायचा की नाकावरून वळून पलीकडे जायचा? कॅबमध्ये आतून कोणता रंग होता? अशा प्रश्नांतून बाहेरचा रंगही हळूहळू वर येतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. भंगारातून आणलेला, इंजिनाच्या हूडच्या, म्हणजे यंत्रावरच्या पेटीच्या, दाराचा एक पत्रा माझ्याकडे आहे, वहीच्या पानाएवढा. त्यावर मी ओल्या पॉलिश पेपरने एकाच जागी गोल-गोल घासत गेलो, कडेला कमी, मध्ये जास्त. वरचा निळा गेला, त्याखाली क्रीम निघाला, मग हिरवा, पुन्हा क्रीम, त्याखाली काळसर तांबडा, मग रेड ऑक्साइडचं अस्तर आणि अगदी मध्ये रुपयाएवढं चकचकीत लोखंड. झाड कापल्यावर वर्तुळं दिसतात तशी त्या पत्र्यावर इंजिनाची सगळी वर्षं दिसतात. त्यातला एक हिरवा मी माझ्या हाताने दिलेला होता. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून हे काम ओलंच करायचं, मास्क लावून, आणि घासलेलं पाणी पुसून कागदासकट टाकून द्यायचं. तुमच्या वडिलांच्या एखाद्या सहकाऱ्याकडे आठवण म्हणून ठेवलेला असा एखादा तुकडा निघाला तर सोनं समजा.

आता पट्टा. फोटोत मापपट्टी म्हणून चाक वापरा. डब्ल्यूडीएम-२चं नवं चाक १,०९२ मिमी व्यासाचं असतं. समजा, तुमच्या फोटोत चाक २१ मिमी भरलं, तर फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे खरे ५२ मिमी. पट्टा फोटोत ५ मिमी असेल तर खरा २६० मिमी, आणि त्याला ८७ ने भागलं की मॉडेलवर ३ मिमी. चाक झिजतं, आणि हूड चाकापेक्षा थोडा आत असतो, म्हणून पाव मिलिमीटर इकडे-तिकडे होईल, तेवढं चालतं. मात्र उभी मापंच घ्या. फोटो तिरका असेल तर आडवी मापं फसवतात.

आणखी दोन गोष्टी फोटोत भिंगाने बघा. एक, शॉर्ट हूड. काही डब्ल्यूडीएम-२ना कॅबपुढचा हूड पूर्ण रुंदीचा आणि खिडक्या मोठ्या होत्या, त्यांना 'जंबो' म्हणतात. ते जंबो असेल तर तुमच्या मॉडेलचं नाक बदलावं लागेल, नुसत्या रंगाने भागणार नाही. दुसरी गोष्ट, बफरच्या पातळीला लोंबणारे होजपाइप. ही इंजिनं मुळात व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या ओढायची. एअर ब्रेक पुढे आला आणि दोन्ही ब्रेक बसवलेल्यांना डब्ल्यूडीएम-२ए म्हणू लागले. एअर ब्रेकच्या ब्रेक पाइपची ओळख हिरवी आणि फीड पाइपची पांढरी. तयार मॉडेलवर हे हिरवे-पांढरे पाइप असतील आणि तुमच्या फोटोत नुसता जाड व्हॅक्यूमचा होज असेल, तर ते काढा. ही चूक तुमचे वडील सगळ्यात आधी पकडतील.

राहिले दोन आकडे. त्यांना आठवले तर उत्तम. नाही आठवले तर मनाने घालू नका. १.७० मीटर उंचीचा माणूस या स्केलमध्ये साडेएकोणीस मिलिमीटरचा होतो. तेवढी एक मूर्ती घ्या, वडिलांच्या फोटोतल्या शर्टाचा रंग द्या आणि तिला फोटोतल्या जागीच उभी करा, खांदा त्या दोन आकड्यांवर येईल अशी. काचेच्या पेटीत तीच बाजू पुढे ठेवा.

प्रश्न : तयार मॉडेलचा कंपनीचा रंग प्लॅस्टिकला इजा न करता कसा काढायचा? (नागपूर)

उत्तर : आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, ९९ टक्के मिळालं तर तेच घ्या. झाकणाच्या डब्यात फक्त वरची बॉडी बुडवा. मोटर, दिवे, काचा आधी बाहेर काढा. दोन तासांनी मऊ टूथब्रशने घासून बघा, नाही निघाला तर रात्रभर ठेवा. त्याआधी बॉडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंब टाकून तासभर वाट पाहा. गॅस, देवघरातलं निरांजन, काहीही पेटतं जवळ नको, आणि खिडकी उघडी हवी.

थिनर अजिबात नको. शेडमध्ये आम्ही पत्र्यावर जे बिनधास्त वापरायचो तेच मी पहिल्या मॉडेलवर वापरलं. मिनिटभरात कॅबच्या खिडक्यांच्या चौकटी मऊ पडून आत झुकल्या. ती बॉडी अजून कपाटात आहे. एनसी थिनर आणि ॲसिटोन हे लोखंडाचे सोबती, प्लॅस्टिकचे नव्हेत.

प्रश्न : मी चिपळूणला राहतो. पट्टा ओढताना टेपखाली रंग झिरपतो आणि पावसाळ्यात स्प्रे केला की रंगावर पांढुरकी साय येते. काय चुकतंय?

उत्तर : सायीचं आधी सांगतो, त्यात तुमची चूक नाही. लॅकर, म्हणजे थिनरमधला रंग, वाळताना थिनर उडून पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. जून ते सप्टेंबर कोकणात लॅकर मारूच नका. ॲक्रिलिक वापरा, किंवा ते चार महिने तारा वाकवणं, भोकं पाडणं, नंबर आखणं अशा कामांना द्या. मी पुण्यातसुद्धा पावसाळ्यात तेवढंच करतो.

झिरपण्याचं कारण बहुतेक क्रमात असतं. फिकट रंग आधी, गडद नंतर. करड्या अस्तरावर पिवळा पट्टा जिथे हवा तिथे जरा रुंद पिवळा मारून घ्या आणि पूर्ण दोन दिवस वाळू द्या. मग पट्ट्याच्या मापाची बारीक मास्किंग टेप लावा. टेपची कड दुकानातून येते तशी कधीच सरळ नसते, ती काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने कापून घ्या. लावल्यावर दात-कोरणीच्या बोथट टोकाने कड दाबत जा, विशेषतः दारांच्या बिजागऱ्यांवर आणि जाळीच्या पट्ट्यांवर. आता सगळ्यात महत्त्वाचं : गडद रंग मारण्याआधी टेपच्या कडेवर पुन्हा एकदा तोच पिवळा, अगदी पातळ, फुंकर घातल्यासारखा मारा. जे झिरपायचं ते पिवळंच झिरपतं आणि फट बुजते. वर मग गडद रंगाचे दोन-तीन पातळ हात. एअरब्रशचा नोझल ०.३ मिमी, दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाएवढा पातळ. एका हातात झाकायचा हट्ट धरलात तर ओघळ येणार.

टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत काढा, स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला लागून हळूहळू. वर ओढू नका.

आणि रंग डब्यातून काढून तसाच मारू नका. खऱ्या इंजिनाचा नेमका रंग आणलात तरी मॉडेलवर तो जड आणि काळपट दिसतो. मी गडद रंगात दहाव्या भागाएवढा पांढरा किंवा फिकट करडा मिसळतो आणि पुठ्ठ्यावर मारून, जिथे मॉडेल राहणार त्या उजेडात बघतो.

प्रश्न : 'पुणे' आणि 'म. रे.' (मध्य रेल्वे) ही अक्षरं कॉम्प्युटरवर काढून डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे पातळ छापील स्टिकर) छापली, पण ती इंजिनावर परकी वाटतात. शिवाय पांढरा रंग छापूनच येत नाही. (पिंपरी)

उत्तर : परकी वाटणारच, कारण ती अक्षरं फॉन्टची नव्हती. ती माझ्यासारख्या माणसांनी हाताने लिहिलेली होती. आमच्यात एक सीनियर पेंटर होते. ते 'पुणे'ची शिरोरेखा आधी, एका दमात, सपाट ब्रशने ओढायचे आणि अक्षरं तिला टांगायचे. त्यामुळे शिरोरेखा अक्षराच्या दांड्यापेक्षा जाड यायची आणि 'णे'ची मात्रा थोडी मागे झुकलेली असायची. दुसऱ्या पेंटरचा उकार पोट फुगलेला. मला आजही जुना फोटो दाखवलात तर आमच्यापैकी कोणाचा हात आहे ते मी सांगू शकेन. म्हणून फॉन्ट शोधू नका. फोटो मोठा करा, त्यावरून अक्षरं कॉम्प्युटरवर गिरवा, वाकडेपणासकट, आणि मग लहान करा. दीडशे मिलिमीटरचं अक्षर १.७ मिमी होतं. एवढ्या मापातही हाताचा बाक दिसतो.

घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. दोन वाटा आहेत. पांढऱ्या डीकल कागदावर भोवतीचा रंग छापून अक्षरं कोरी ठेवायची, पण भोवतीचा रंग बॉडीशी जुळवता जुळवता जीव जातो. त्यापेक्षा पांढरा टोनर असलेल्या प्रिंटरवर छापून देणारा शोधा आणि एका पानावर पाच इंजिनांची अक्षरं बसवा.

डीकल नेहमी ग्लॉस वार्निशवर चिकटवा. मॅट रंग खरखरीत असतो, त्यात हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी कडा दिसते. बसल्यावर, वाळल्यावर, वरून मॅट.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. इथे सहा ॲक्सलची अमेरिकन अल्को मॉडेलं सहज मिळतात. त्यातून डब्ल्यूडीएम-२ करता येईल का? आणि आपला ब्रॉडगेज एचओ रुळांवर चुकीचा दिसतो, त्याचं काय?

उत्तर : नातं खरं आहे. ही इंजिनं १९६२ साली अल्कोकडूनच आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. आतलं १६ सिलिंडरचं, २,६०० अश्वशक्तीचं इंजिनही अल्कोचंच. तेव्हा खालची चासी जरूर वापरा. बोगी, म्हणजे डबा नव्हे तर खालची चाकांची चौकट, घेताना चाकांमधली अंतरं बघा, आपल्या बोगीत तीन ॲक्सलमधली अंतरं सारखी नसतात. अंतरं सारखी असतील तर ती बोगी नको. जवळची जोडी कोणत्या टोकाला येते ते फोटोवरून ठरवा. पण वरची बॉडी नवी लागेल, कॅब, नाक, बाजूचे बफर, सगळंच वेगळं आहे. बफरपासून बफरपर्यंत खरी लांबी १७,१२० मिमी, म्हणजे मॉडेलवर १९७ मिमी. थ्रीडी प्रिंट करून घेतलीत तर थरांच्या रेषा अस्तर आणि बारीक ओल्या पॉलिश पेपरने तीन-चारदा घालवा, रंग त्या झाकत नाही, उलट उठवतो.

रुळांचं गणित असं : आपला गेज १,६७६ मिमी, म्हणजे सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा, आणि एचओ रूळ साडेसोळाचे. पावणेतीन मिलिमीटरची तूट आहे. पक्के लोक रूळ स्वतः घालतात. मी घालत नाही. मी बोगीच्या बाहेरच्या चौकटी खऱ्या रुंदीला बसवतो आणि त्यांच्या मागची जागा, चाकाचा बाहेरचा चेहरा, सगळं काळपट तपकिरी करतो. नजर चौकटीवर थांबते.

प्रश्न : कठडे फार जाड दिसतात, आणि मॉडेल जुनं-वापरातलं कसं दाखवायचं? (सोलापूर)

उत्तर : प्लॅस्टिकचे कठडे कापून टाका. खरा पाइप साधारण इंचभर जाड, म्हणजे मॉडेलवर ०.३ मिमी. तेवढी पितळेची तार आणि ०.३५ मिमीचा ड्रिल हातातल्या पिन-व्हाइसला लावून. पुठ्ठ्याची एक पट्टी करून तिच्यावर अंतरं टोचून घ्या, म्हणजे सगळी भोकं एका रेषेत येतात. एका संध्याकाळी एकच बाजू करा, बोटं दमली की ड्रिल तुटतो.

मळवणं हे माझं आवडतं काम आहे, आणि लोक ते सगळीकडे सारखं करतात म्हणून वाईट वाटतं. इंजिन कुठे मळतं याला कारण असतं. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की डिझेल आधी पोचतं आणि टर्बोची हवा मागून येते, म्हणून ही इंजिनं काळा धूर सोडतात. काजळी धुराड्याभोवती आणि त्यामागे हूडच्या माथ्यावर, कडेला जाताना विरळ. डिझेल भरायच्या तोंडाखाली ओघळ, आणि त्यावर धूळ चिकटून तो कोरडा, मळकट दिसतो, चकचकीत नव्हे. बोगीवर ओतीव लोखंडाच्या ब्रेक ब्लॉकची तपकिरी भुकटी. वाळूच्या पाइपांच्या तोंडाशी फिकट डाग. तांबडा रंग उन्हाने सगळ्यात आधी उडतो, माथ्याकडे जास्त. आणि धूळ तुमच्या गावाची घ्या. सोलापूर-लातूरकडे ती काळ्या मातीची, करडी. रत्नागिरीकडच्या इंजिनावर तांबडी. मी दोन्ही मातीचे नमुने काचेच्या बाटल्यांत ठेवलेत, कापडातून गाळून, रंग जुळवायला.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या स्टेशनवर मी लहान असताना डिझेल इंजिनं यायची, आता इलेक्ट्रिक येतात. मला ते डिझेल बनवायचंय. आधी काय घेऊ? (रत्नागिरी)

उत्तर : आधी इंजिन घेऊ नकोस, मालगाडीचा एक जुना डबा घे. एकच रंग, एकच पट्टा. ॲक्रिलिक रंग, दोन ब्रश, मास्किंग टेप, झालं. ब्लेड चालवताना घरातलं मोठं कोणी शेजारी असू दे. तोवर एक काम कर : आई-बाबांच्या आणि नातेवाइकांच्या फोनमध्ये स्टेशनवरचे जुने फोटो शोध. माणसांच्या मागे इंजिन असतं, कुणाच्या लक्षात नसतं. एका वहीत नंबर, तारीख आणि कोणती बाजू दिसते ते लिहून ठेव. डबा झाला की त्याचा फोटो मला पाठव, टेप काढल्यावर कड जिथे फाटली असेल ती बाजू पण पाठव.